नवीन घरात शिफ्ट झालात? मग खोकी फोडायच्या आधी दार बघा

घर बदललं की पहिला आठवडा खोक्यांतच जातो, वायफाय कधी लागणार, पडदे मापात बसतात का, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, आणि सुरक्षेचं काय तर "बघू सावकाश". पण घर सगळ्यात कच्चं असतं ते याच पहिल्या काही दिवसांत. शेजारी कोण आणि अनोळखी कोण हे अजून कळत नसतं, रात्रीचा कुठला आवाज रोजचा आणि कुठला नवीन तेही माहीत नसतं, दार दिवसभर सताड उघडं, सामान उचलणारे, पंखे लावणारे, नेट जोडणारे सगळे आतबाहेर करतायत, आणि बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेलं मोठ्या टीव्हीचं रिकामं खोकं, म्हंजे आत काय आलंय त्याची जाहिरातच. खोकी फाडून, उलटी घडी करून टाका, इतकं तर आजच करा.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुठलंही घर अभेद्य नसतं. आपण जे करतो त्याने फक्त वेळ वाढतो आणि आवाज वाढतो, आणि घरफोडी करणाऱ्याला नेमक्या याच दोन गोष्टी नको असतात. म्हणून कुठलीही वस्तू घेताना एवढाच प्रश्न विचारा की याने त्याची किती मिनिटं खाल्ली जातील किंवा किती आवाज होईल. या हिशोबाने बघितलं तर पैसे घालायचा क्रम असा निघतो: चावी, चौकट, खिडक्या, लाईट आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. लोक नेमकं उलट्या बाजूने सुरू करतात, चार कॅमेरे लावतात आणि दार मात्र तेच, जुन्या चावीचं.

चावी कोणाकोणाकडे आहे

तुमच्या आधी तिथे राहणारे, त्यांचे नातेवाईक, कामाला येणारे, एजंट, रंगारी, प्लंबर, घरमालकाचा भाचा... चावीच्या किती कॉप्या निघाल्या आणि कुठे कुठे गेल्या हे मालकालाही सांगता येणार नाही. यात कोणी वाईट आहे असं नाही, पण चावी कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून असते आणि तो ड्रॉवर कोण उघडतो ते आपल्या हातात नाही. त्यामुळे लॉक बदला. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, आणि जुनं सिलिंडर, म्हणजे लॉकमधला चावी जाते तो तुकडा, जपून ठेवा, घर सोडताना परत बसवून द्यायचं.

दरवेळी आख्खं लॉक बदलावं लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आज घरोघरी जे लॉक असतं त्यात आत छोट्या छोट्या स्प्रिंगवरच्या पिना असतात, बरोबर चावी घातली की सगळ्या पिना एका रेषेत येतात आणि गोल भाग फिरतो. लायनस येल ज्युनियरने १८६१ साली याचं पेटंट घेतलं होतं आणि तत्त्व अजून तेच आहे. म्हणून चावीवाला नुसत्या पिना बदलून तेच लॉक नव्या चावीला लावून देऊ शकतो, स्वस्तात काम होतं. फक्त ते काम तुमच्या समोर करून घ्या आणि चाव्या मोजून घ्या.

दारात मोर्टाइज लॉक असेल, म्हणजे हँडलच्या पट्टीखाली चावीचं भोक आणि लॉकची पेटी दाराच्या जाडीत बसवलेली, तर सिलिंडर घरच्या घरी बदलता येतं. दार उघडं ठेवा, हे महत्त्वाचं, बंद दारावर हा प्रयोग करू नका. दाराच्या कडेला, जिथून लॉकची जीभ बाहेर येते त्या पट्टीवर, सिलिंडरच्या बरोबर समोर एक लांब स्क्रू असतो. तो पूर्ण काढा. आता चावी घाला आणि अगदी किंचित फिरवा, घड्याळात दोनतीन मिनिटांचं अंतर असतं ना तेवढीच, आणि फिरवता फिरवता हळूच ओढा. मधला फिरणारा तुकडा सिलिंडरच्या आडव्या रेषेत आला की आख्खं सिलिंडर सुळकन हातात येतं. येत नसेल तर जोर लावू नका, चावी उलट्या बाजूला थोडी फिरवून बघा. मग माप घ्यायचं: मधल्या स्क्रूच्या भोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक आणि आतल्या टोकापर्यंत दुसरं, मिलिमीटरमध्ये. दोन्ही मापं वेगळी असू शकतात, म्हणून दुकानात जुनं सिलिंडरच घेऊन जा.

माप कशासाठी एवढं नीट घ्यायचं तर सिलिंडर बाहेरच्या पट्टीच्या पुढे तीन मिलिमीटरहून जास्त डोकावलं की ते पकडीत धरून मोडता येतं. ते मध्ये त्या स्क्रूच्या भोकापाशीच बारीक असतं, तिथूनच तुटतं, आणि मग लॉक किती महागाचं होतं याला काही अर्थ राहत नाही. नवीन घेताना मोडण्याला, ड्रिलला आणि ठोकून उघडण्याला टिकणारं मागा, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

नुसतं ओढून घेतलं की खट्ट करून लागणारं जे लॅच असतं त्याच्या भरवशावर दार सोडू नका. त्याची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर असते, साध्या प्लास्टिकच्या कार्डाने मागे सरकते. बाहेर पडताना चावी फिरवून जाड, चौकोनी बोल्ट बाहेर काढायलाच हवा, आणि तो बोल्ट चौकटीत निदान पंचवीस मिलिमीटर आत गेला पाहिजे. पाच मिनिटं खाली जाऊन येतोय, तेव्हा सुद्धा.

गेटचा रिमोट, गॅरेजचा रिमोट, लॉबीचा कोड, नंबरवालं लॉक, पत्रपेटीची चावी, ही सगळी चावीच आहे. मशिनमधले जुने सगळे रिमोट पुसून टाकायची सोय असते, पुसा आणि तुमच्याकडचे रिमोट नव्याने जोडा. आधीच्या माणसाने स्मार्ट लॉक, बेलचा कॅमेरा किंवा राउटर मागे ठेवला असेल तर "वा, फुकट मिळालं" म्हणून तसाच वापरू नका, फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर त्याच्या मोबाईलवरून तुमचं दार दिसत राहील आणि कदाचित उघडतही राहील.

लॉक तुटत नाही, चौकट तुटते

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. लाथ मारून दार उघडतात तेव्हा बहुतेक वेळा लॉक धड असतं, फाटते ती चौकट. दार उघडून चौकटीतली ती पत्र्याची पट्टी बघा, जिच्या भोकात लॉकची जीभ जाते. तिचा एक स्क्रू काढून हातात घ्या. बोटाच्या पेराएवढा, दोनेक सेंटिमीटरचा निघाला तर समजायचं की तुमचं महागाचं लॉक आख्खं त्या दोन सेंटिमीटर लाकडावर लटकलंय, आणि तेही भोकाच्या अगदी कडेचं लाकूड, सगळ्यात ठिसूळ. त्याजागी पाऊणशे मिलिमीटरचे, म्हणजे तीन इंची स्क्रू टाका, चौकटीतून आरपार मागच्या भक्कम भागात जातील असे. मागे लाकडाचा सांगाडा असेल तर सरळ जातात, वीट किंवा काँक्रीट असेल तर ड्रिल मारून आत फास्टनर बसवून कसावे लागतात. आधी बारीक भोक पाडून घ्या नाहीतर लाकूड चिरतं. पट्टी पण पातळ पत्र्याची असेल तर जाड आणि लांब घ्या, चार स्क्रूवाली. या कामाला तासभर लागतो आणि दाराच्या ताकदीत जो फरक पडतो तो बाकी कुठल्याच एवढ्याशा खर्चात पडत नाही.

बिजागऱ्यांचं पण तसंच, एकेक स्क्रू काढून लांब टाका. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते, ती ठोकून काढली की लॉक न उघडताच दार निघतं. त्यावर जुना उपाय आहे: बिजागरीच्या एका पाकळीतला मधला स्क्रू काढून तिथे बिनडोक्याचा जाड स्क्रू असा बसवायचा की एक सेंटिमीटर बाहेर राहील, आणि समोरच्या पाकळीचाही स्क्रू काढून तिथलं भोक त्याच मापाने खोल करायचं. दार बंद झालं की तो खुंटा समोरच्या भोकात जातो, मग पिन काढली तरी दार हलत नाही. एकदा दार लावून बघा, अडकत असेल तर खुंटा थोडा घासा.

दारावर टकटक करून बघा, पोकळ वाजलं तर ते खोलीचं दार आहे, मुख्य दाराला भरीव हवं. दाराची साखळी मात्र लोकांना वाटते तेवढी कामाची नाही, बाहेरून खांदा मारला की तिचे चिमुकले स्क्रू उपटून येतात, तिच्या जिवावर अनोळखी माणसाला दार किलकिलं करू नका. त्यापेक्षा आयहोलमधून बघा आणि बंद दारातूनच बोला. आणि हो, आयहोलला आतून झाकण लावा, बाहेरून भिंग लावून आत बघता येतं.

आता याची दुसरी बाजू. मजबुतीच्या नादात घराचा पिंजरा करू नका. आतून पण चावीनेच उघडणारं लॉक बसवलं आणि आग लागली तर धुरात चावी शोधत बसाल. ग्रीलला सगळीकडून वेल्डिंग केलं असेल तर निदान एका खिडकीला आतून बिनचावीचं उघडणारं दार करून घ्या, आणि ते घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना उघडता येतं का ते प्रत्यक्ष उघडायला लावून बघा. चोरी एखाद्या वेळी होईल न होईल, धूर मात्र मिनिटांत माणूस घेतो. स्मोक अलार्म नसेल तर तो कॅमेऱ्याच्या आधी घ्या.

चावी आत राहिली असं समजा

आता एक प्रयोग. घराबाहेर उभे रहा आणि समजा की चावी आत राहिली, मोबाईल पण आत, चावीवाला येणार नाही. आत कसे शिराल? जे पहिलं सुचेल तेच चोरालाही सुचणार. बाथरूमच्या काचपट्ट्या, एसीच्या बाहेरच्या युनिटवर पाय ठेवून बाल्कनी, गच्चीचं दार, मागे पडलेली शिडी, कुंडीखालची चावी. कुंडीखाली, पायपुसण्याखाली, मीटरच्या पेटीत चावी ठेवणं बंद करा, तिथे सगळेच बघतात. जवळच्या कोणाकडे तरी द्या.

सरकत्या खिडक्या आणि दारांची कडी बहुधा नावालाच असते. खालच्या खाचेत मापाने कापलेली काठी किंवा पाईप आडवा टाका, बाहेरून कितीही ओढलं तरी सरकणार नाही. पण काही सरकती दारं वर उचलून खाचेतूनच बाहेर काढता येतात, म्हणून वरच्या खाचेत दोनतीन स्क्रू थोडे बाहेर ठेवून बसवा म्हणजे उचलायला जागाच उरत नाही. दाराजवळ काच असेल, म्हणजे काच फोडून आत हात घातला की कडी लागते अशी, तर साधारण दोनशे मायक्रॉनची सिक्युरिटी फिल्म लावून घ्या. काच फुटते पण पसरत नाही, लटकून राहते, आणि चोर तिथे ठोकत बसतो.

रात्री एकदा सगळे लाईट लावून बाहेरून घर बघा. आत बसून आपल्याला वाटतं पडदा आहे, बाहेरून मात्र सगळं दिसत असतं, कोण कुठे बसलंय, लॅपटॉप कुठे आहे, चाव्या दाराशेजारच्या खिळ्याला लटकतायत. नवीन घरात पडदे यायला वेळ लागणार असेल तर तोवर चादरी लावा, लाजायचं काय त्यात.

मोशन सेन्सरचे लाईट चांगले, पण बसवताना एक लक्षात घ्या. तो सेन्सर समोरून सरळ येणाऱ्या माणसापेक्षा आडवा जाणारा माणूस लवकर पकडतो, तेव्हा वाटेच्या बाजूला, दोनेक मीटर उंचीवर, माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा लावा. फार प्रखर दिवा लावून उपयोग नाही, त्याने डोळे दिपतात आणि बाजूची सावली आणखी काळी होते, माणूस त्या सावलीत उभा राहतो. घर बंद असताना आतला एखादा दिवा टायमरवर संध्याकाळी लागेल असा ठेवा, दिवसरात्र जळणारा दिवा तर उलट सांगतो की घरात कोणी नाही.

कॅमेरा, ॲप वगैरे

कॅमेऱ्याने चोर थांबतोच असं नाही, पण नंतर काय झालं ते कळतं आणि दारात कोण आहे ते न उघडता दिसतं. घराच्या दाराचा कॅमेरा या दुसऱ्या कामासाठीच निघाला होता. न्यूयॉर्कमधली मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची नर्स, कामाच्या विचित्र वेळांमुळे घरी एकटी असायची, तिने नवऱ्याबरोबर १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला: दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, बेडरूममध्ये स्क्रीन, बोलायची सोय, आणि बटणाने दार उघडायची. १९६९ मध्ये पेटंट मिळालं. आज जी व्हिडिओ डोअरबेल मिळते ती जवळजवळ हेच करते.

बसवताना चेहरा दिसेल असा लावा, छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोपीच दिसते. खिडकीच्या आतून बाहेर तोंड करून लावलात तर रात्री इन्फ्रारेड काचेवर आपटून परत येतो आणि सगळं पांढरं दिसतं. शेजाऱ्याच्या खिडकीकडे रोखू नका, पहिल्याच महिन्यात भांडण नको. आणि पासवर्ड बदला, हे मी ओरडून सांगतोय. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कसे, तर कंपनीने दिलेले साठेक डीफॉल्ट युजरनेम-पासवर्ड एकेक करून टाकत. लोकांनी बदललेच नव्हते. ॲपला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे ना बघा, नाहीतर रेकॉर्डिंगचा पुरावा म्हणून वापर करताना गोंधळ होतो.

वस्तूंची यादी करणं कंटाळवाणं काम आहे पण खोकी उघडताना आपोआप होतं: प्रत्येक महागाच्या वस्तूचा आणि तिच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा, मोबाईलवर *#०६# दाबून आयएमईआय नंबर घ्या आणि हे सगळं स्वतःला मेल करून ठेवा. तिजोरी असेल तर जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने कसा, सुटी तिजोरी म्हणजे चोराला सगळं एकाच पेटीत भरून दिल्यासारखं. बऱ्याच नंबरवाल्या तिजोऱ्यांना तुमच्या कोडशिवाय कारखान्याचा एक मास्टर कोड पण असतो, माहितीपत्रकात बघून तोही बदला. आणि नव्या घराचे फोटो टाकायची घाई असेलच तर खिडकीतून दिसणारा रस्ता, घरनंबर आणि हातात धरलेली चावी सोडून बाकीचं टाका. चावीच्या स्पष्ट फोटोवरून चावी बनवता येते.

रात्री आवाज आला तर

आता स्वसंरक्षण. हा शब्द म्हटला की लोकांना उशाखालचा दांडा आठवतो. दांड्याचं नंतर बोलू, आधी एक आकडा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या पोलिसाने १९८३ मध्ये लिहिलं होतं की साधारण धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास, अंतर दीड सेकंदात पार करतो. त्याने ते पोलिसांच्या संदर्भात लिहिलं, पण आपल्याला त्यातून काय कळतं तर घरातली खोली सहसा एवढी लांब नसते. म्हणजे माणूस दिसला, मग दांडा शोधू, मग ठरवू काय करायचं, एवढा वेळ नसतोच. तुमच्यात आणि त्याच्यात एक बंद दार असणं हे हातात काहीतरी असण्यापेक्षा कितीतरी कामाचं.

म्हणून एक खोली ठरवा. जिथे सगळे पटकन पोचतील, मुलं किंवा म्हातारी माणसं वेगळ्या खोलीत झोपत असतील तर ज्यांना हलवणं कठीण त्यांचीच खोली धरा. त्या दाराला भरीव फळी, आतून जाड कडी, तेच लांब स्क्रू. आत एक चार्जर कायमचा लावलेला, एक टॉर्च, जुना चालू फोन असेल तर तो. कोण मुलांना उचलणार, कोण फोन लावणार हे जागेपणी ठरवा. एक शब्द ठरवा, तो ओरडला की प्रश्न न विचारता सगळे त्या खोलीत. नाटकी वाटेल, वाटू दे. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळलं की हात थरथरतात, नजर बोगद्यासारखी अरुंद होते, साधा फोनचा पॅटर्न लागत नाही, त्या वेळी नवीन काही सुचत नाही, आधी केलेलंच होतं.

आणि नवीन घराची खास अडचण: पत्ता! घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जुना पत्ता निघतो. विंग, मजला, घरनंबर, जवळची खूण, सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रीजवर आणि त्या खोलीच्या दारामागे चिकटवा. मुलांना पाठ करून घ्या. इमर्जन्सी नंबर लावलात की आधी पत्ता सांगा, मग काय झालं ते, म्हणजे फोन कट झाला तरी मदत निघते. ११२ हा नंबर अनेक देशांत मोबाईलवरून चालतो, तुमच्याकडे कुठला ते आजच बघून ठेवा. मोबाईलमध्ये बटण दाबून एसओएस जायची सोय असते, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करा, त्यात जवळची माणसं टाका, आणि जुन्या गावातली, आता दोन तासांवर राहिलेली माणसं काढून नव्या जागेजवळचं कोणीतरी घाला. डिलिव्हरी ॲप, बँक, ओळखीतले, सगळीकडे पत्ता बदलायचा राहतोच, तेही याच बैठकीत उरकून टाका.

अंधारात एकदा घरभर चाला. दिवे बंद करून, बेडपासून दारापर्यंत आणि बेडपासून त्या खोलीपर्यंत. जुन्या घरात हात आपोआप बटणावर जायचा, इथे तो भिंत चाचपत राहील. कुठे उंबरा आहे, कुठे खोकं पडलंय, कुठली फरशी वाजते, कुठलं दार कुरकुरतं. कुरकुरणाऱ्या दाराला लगेच तेल घालू नका, तोही एक अलार्मच आहे, फुकटचा.

आवाज आला तर शोधायला जाऊ नका. दार लावा, फोन लावा, आणि मग मोठ्याने ओरडा की पोलिसांना बोलावलंय. बहुतेक जण वस्तूंसाठी आलेले असतात, त्यांना जायला वाट राहू द्या. बाहेरून आलात आणि दार उघडं दिसलं तरी तसंच, आत पाऊल टाकायचं नाही, खाली उतरा, फोन करा. "बघतो तरी काय गेलंय" ही खाज महागात पडते.

क्लास लावायचा का? लावा, पण बघून. जिथे हवेत हातवारे शिकवतात तिथे घाम येतो, बाकी काही होत नाही. समोरचा माणूस खरोखर जोर लावतो, ढकलतो, धरून ठेवतो आणि त्यातून सुटायचा सराव करून घेतात असा क्लास शोधा. सुरुवातीला दोनच गोष्टी अंगात मुरल्या तरी पुरे. एक म्हणजे हात उघडे, छातीच्या उंचीवर समोर आणि पोटातून आवाज काढून "मागे हो!". दुसरं, मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका देऊन सोडवायचं, कारण मुठीची पकड अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे सगळ्यात ढिली. सुटलात की पळायचं, तिथे थांबून हिशोब चुकता करायचा नाही.

आता तो दांडा. घरात जे काही हत्यार म्हणून ठेवाल ते ओढून घेतलं जाऊ शकतं आणि ते मुलांच्याही हाती लागू शकतं, हे दोन्ही धरून चला. पेपर स्प्रे अनेकांना सोयीचा वाटतो, पण तो काही ठिकाणी कायदेशीर आहे, काही ठिकाणी नाही, आधी तपासा. बंद खोलीत मारलात तर तुम्हालाही खोकला आणि डोळ्यांची आग होणारच, आणि डब्यावर एक्सपायरी असते, ती उलटली की दाब कमी होतो. उशाशी चांगली प्रखर टॉर्च मला जास्त पटते, कायद्याची कटकट नाही, समोरच्याचे डोळे क्षणभर दिपतात, आणि लाईट गेल्यावर एरवीही लागते. कायदा जवळपास सगळीकडे धोक्याच्या प्रमाणातच बळ वापरू देतो, पळणाऱ्याच्या मागे धावत जाऊन मारलेला फटका स्वसंरक्षणात धरला जाणं कठीण.

शेजाऱ्यांकडे जाऊन नाव सांगा, नंबर घ्या. दुपारी दोन वाजता तुमच्या दाराशी खाटखूट करणारा माणूस सुतार आहे की अजून कोण हे कॅमेऱ्यापेक्षा समोरच्या आजींना लवकर कळतं, पण त्यांना तुमचा नंबर माहीत असेल तरच त्या फोन करणार ना. मुलं एकटी असताना बेल वाजली तर "आई अंघोळीला गेलीय" एवढंच बंद दारातून सांगायचं, एकटा आहे म्हणायचं नाही, आणि कोणी "तुला न्यायला पाठवलंय" म्हणालं तर घरचा ठरलेला शब्द विचारायचा, तोच रात्रीचा नव्हे, वेगळा ठेवा.

आणि एवढं करूनही घर फुटलंच तर आधी पोलीस, मग कशालाही हात न लावता फोटो, मग कार्ड ब्लॉक, मग विम्याचा फोन, ती सिरीयल नंबरांची मेल तेव्हा कामाला येते. पण फुटलेलं दार मात्र त्याच दिवशी दुरुस्त करा, सुतार उद्या येतो म्हणाला तरी आजची रात्र फळी ठोकून काढा आणि लॉक बदला. एकदा फुटलेल्या घरावर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा प्रयत्न होण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, कारण आतला नकाशा आता त्याला माहीत असतो आणि विम्याच्या पैशातून नवीन टीव्ही येणार हेही.